एक टनाच्या छोट्या फोर्कलिफ्टसाठी हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह : हिशोबापासून लोड टेस्टपर्यंत

भोसरी, चाकण, कोल्हापूरची शिरोली, नाशिकचं अंबड, कुठल्याही एमआयडीसीत गेलात तरी छोट्या फॅब्रिकेशन शेडमध्ये एक टनाचा स्टॅकर किंवा फोर्कलिफ्ट बनवणारा कुणी ना कुणी भेटतो. मास्टचं (फोर्क ज्यावर वरखाली होतो त्या उभ्या चौकटीचं) चॅनेल सरळ असतं, वेल्डिंग सुबक असतं. हायड्रॉलिकची वेळ आली की मात्र "तीन किलोवॅटचा पॉवरपॅक टाका, उचलेल" एवढ्यावर विषय मिटतो (पॉवरपॅक म्हणजे मोटर, पंप आणि टाकी एकत्र). आणि तो उचलतोही. पण पंप निम्म्यात बंद पडला तर फार तर काम थांबतं. टनभर माल तीन मीटरवर असताना होज फुटला आणि तो थोपवायला सिलेंडरच्या तोंडाशी काहीच बसवलेलं नसलं, तर खाली उभा असलेला माणूस जातो. म्हणून ही सिस्टीम आखताना पहिला प्रश्न हा धरावा, की भार वर कसा थांबून राहील आणि खाली कसा येईल. पंप त्यामानाने सोपा आहे.

उदाहरण म्हणून एकच मशीन धरू : क्षमता १,००० किलो, लोड सेंटर (फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर) ५०० मिमी, उचल ३ मीटर, दोन टप्प्यांचा मास्ट, पुढेमागे झुकवायला टिल्ट, आणि २४ व्होल्टची बॅटरी. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच राहील.

आधी जोर, मग दाब

दोन टप्प्यांच्या मास्टमध्ये लीफ चेन आतल्या मास्टच्या रोलरवरून जाते. त्यामुळे रॅम (सिलेंडरमधून बाहेर येणारा दांडा) दीड मीटर वर गेला की फोर्क तीन मीटर जातो. याची किंमत अशी, की रॅमला भाराच्या दुप्पट जोर लावावा लागतो. हा दुप्पटीचा मुद्दा विसरून सिलेंडर घेतला, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

माल १,००० किलो, कॅरेज (फोर्क अडकवलेली सरकती चौकट) आणि फोर्क मिळून १५० किलो. बेरीज १,१५०, दुप्पट २,३००. आतला मास्ट रॅमबरोबर सरळ वर जातो, त्याचे १०० किलो एकदाच. झाले २,४००. बेअरिंग, चेन आणि सीलच्या घर्षणासाठी दहा टक्के धरा : २,६४० किलो.

लिफ्टसाठी डाव्या-उजव्या बाजूला एकेक, असे दोन सिंगल अॅक्टिंग (तेलाने फक्त वर जाणारे, वजनाने खाली येणारे) रॅम घेऊ. रॅमचा व्यास ४५ मिमी असेल, तर एकाचं क्षेत्रफळ १५.९ चौरस सेंटिमीटर, दोघांचं ३१.८. अशा रॅममध्ये दाब रॅमच्या पूर्ण क्षेत्रफळावर पडतो, म्हणून बॅरलचा व्यास या हिशोबात येत नाही. २,६४० भागिले ३१.८ म्हणजे ८३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, साधारण ८२ बार. पाइप आणि व्हॉल्व्हमधला तोटा धरून पंपाला ८७ बारच्या आसपास दाब द्यावा लागेल.

४० मिमीचा रॅम चालेल का, असं विचारलं जातं. दाब १०३ बारवर जातो, पंप तो सहज देतो. तरी मी ४५ घेतो. दीड मीटर बाहेर आलेला बारीक रॅम वाकण्याकडे झुकतो, आणि कमी दाबावर सील जास्त टिकतात. दोन रॅमच्या वजनात फरक फार नाही.

बॅरलची भिंत ठरवताना मात्र ८२ बार धरू नका. दोनपैकी एकाच सिलेंडरचा सेफ्टी व्हॉल्व्ह (होज फुटला की बंद होणारा, तो पुढे येतो) बंद झाला आणि दुसऱ्यातलं तेल निघून गेलं, तर अख्खा भार एका रॅमवर येतो आणि त्याच्यात दाब दुप्पट होतो, म्हणजे १६३ बार. आतला व्यास ५५ आणि भिंत ५ मिमी असलेल्या सीमलेस ट्यूबमध्ये या दाबाला ताण ९० मेगापास्कलच्या आसपास येतो. चांगल्या एसटी-५२ (पोलादाचा एक दर्जा) ट्यूबला तो सहज पेलतो. रॅमच्या तळाशी जी स्टॉप रिंग असते, तीही याच हिशोबाने बसवा. रॅम पूर्ण वर गेल्यावर पंपाचा सगळा जोर तीच अडवते. तिला नुसते टॅक मारून चालणार नाही.

पंप आणि मोटर

भरलेला फोर्क सेकंदाला १५ सेंटिमीटर वर जावा असं ठरवू. रॅमचा वेग त्याच्या निम्मा, साडेसात सेंटिमीटर. ३१.८ गुणिले ७.५ म्हणजे सेकंदाला साधारण २३९ घनसेंटिमीटर, मिनिटाला १४.३ लिटर. गिअर पंपातून थोडं तेल आतल्या आत गळतं. कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर साडेपंधरा लिटर हवेत. २४ व्होल्टची डीसी मोटर भाराखाली मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर फेऱ्यामागे साडेपाच सीसी. बाजारात ५.५ किंवा ६ सीसीचा पंप मिळतो, तो घ्या.

ताकदीचं सूत्र सोपं आहे : बार गुणिले लिटर प्रति मिनिट, भागिले ६००. ८७ गुणिले १५.५ भागिले ६०० म्हणजे सव्वादोन किलोवॅट. पंपाच्या घर्षणासाठी वाढवून अडीचच्या थोडं वर. म्हणून ३ किलोवॅटची मोटर. ती बॅटरीतून १४० अँपिअरच्या आसपास ओढेल. कॉन्टॅक्टर २०० अँपिअरचा, बॅटरीच्या टर्मिनलजवळ फ्यूज, आणि तांब्याची ३५ चौरस मिमी केबल. या मोटरी अखंड चालवायच्या नसतात. नेमप्लेटवर एस-२ (थोडा वेळच) किंवा एस-३ (थांबत थांबत) ड्यूटी लिहिलेली असते, ती वाचूनच मोटर निवडा. लिफ्ट आणि टिल्टच्या लिव्हरखाली मायक्रोस्विच बसवा, म्हणजे लिव्हर ओढल्यावरच पंप फिरेल. खाली उतरायला मोटर लागतच नाही, भार स्वतःच्या वजनाने येतो.

पंप विकत घेताना दोन गोष्टी पाहा. पहिली, फिरण्याची दिशा. बहुतेक गिअर पंप एकाच दिशेने चालतात. उलटा फिरवला की शाफ्टचं ऑइल सील काही सेकंदांत बाहेर येतं. दुसरी, जोडणी. मोटर आणि पंप बेलहाउसिंगवर (दोघांना एका रेषेत धरणारं आवरण) एकमेकांना धरून हवेत, मध्ये लव्हजॉय कपलिंग (रबराचा तुकडा असलेली जोडणी). दोन वेगळ्या ब्रॅकेटवर पट्ट्या घालून नजरेने लाइन लावलेला पंप पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकतो.

टाकी

दोन्ही रॅम पूर्ण वर गेले की ४.८ लिटर तेल टाकीतून जातं. टिल्टचा फरक नगण्य. सक्शनचं तोंड कायम बुडलेलं राहायला खाली तीन लिटर, वर हवेला जागा. १२ लिटरची टाकी पुरते. सक्शन आणि रिटर्नच्या मध्ये आडवी पट्टी घाला, रिटर्नचं तोंड तेलाच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर तेल फेसाळतं. ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करू देणारं झाकण) फिल्टरवाला हवा. तेलाची पातळी नेहमी फोर्क जमिनीवर असताना बघायची. वर असताना टाकी रिकामी वाटते, कुणीतरी तेल ओततो, आणि फोर्क खाली आला की ते ब्रीदरमधून बाहेर येतं.

व्हॉल्व्ह : इथे घाई नको

तेलाच्या वाटेने जाऊ. पंपातून निघालेलं तेल मोबाइल मशीनवर चालणाऱ्या दोन स्पूलच्या (लिव्हरने सरकणाऱ्या, तेलाची वाट बदलणाऱ्या दांड्या) मोनोब्लॉक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे एकाच अखंड ब्लॉकच्या व्हॉल्व्हमध्ये, येतं. पहिला स्पूल लिफ्टचा, सिंगल अॅक्टिंग. दुसरा टिल्टचा, डबल अॅक्टिंग. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरावीक मर्यादेवर गेला की तेल टाकीत सोडणारा) याच ब्लॉकमध्ये असतो. घेताना प्रत्येक स्पूलला लोड चेक (सिलेंडरकडून तेल उलटं येऊ न देणारी झडप) आहे ना, हे विचारून घ्या. तो नसेल, तर अर्ध्यावर थांबलेला भार आणखी वर न्यायला लिव्हर ओढताच पंपाचा दाब तयार होईपर्यंत भार आधी खाली बसतो. ऑपरेटर घाबरून लिव्हर सोडतो, आणि टनभर वजनाचा झटका मास्टला बसतो.

टिल्टच्या स्पूलमध्ये टिल्ट लॉक हवा. तो असला की पंप बंद असताना कुणी लिव्हर पुढे ढकलला तरी मास्ट पुढे झुकत नाही. लॉक नसलेला साधा शेतीच्या अवजारांचा व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो, दिसायलाही तसाच असतो. तो इथे लावू नका. भार पुढे झुकला की फोर्कलिफ्टचं गुरुत्वमध्यच पुढे सरकतं.

आता लिफ्टच्या लाइनवर, मोनोब्लॉक आणि सिलेंडर यांच्या मध्ये, उतरण्याचा फ्लो कंट्रोल. वर जाताना मोकळी वाट, खाली येताना ठराविकच तेल. हा प्रेशर कॉम्पेन्सेटेड, म्हणजे दाब बदलला तरी प्रवाह तोच ठेवणारा, असावा. का, ते आकड्यांत पाहा. रिकामा फोर्क उतरताना सिलेंडरमध्ये दाब असतो सुमारे १२.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, भरलेला असताना ७५. सहापट. साध्या छिद्रातून जाणारं तेल दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणजे जवळपास अडीचपट. साधा नीडल व्हॉल्व्ह लावून रिकाम्या फोर्कचा वेग बरोबर केलात, तर माल असताना तो अडीचपट वेगाने खाली येणार. मालावर लावलात, तर रिकामा फोर्क उतरता उतरत नाही, आणि मग ऑपरेटर कंटाळून नीडल मोकळा सोडतो. कॉम्पेन्सेटेड व्हॉल्व्ह भार कितीही असला तरी ठरवलेल्या प्रवाहाच्या वर जाऊ देत नाही. आपल्या मशीनला उतरण्याचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर धरला, तर १९ लिटर प्रति मिनिटाचा घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तुकडा : होज फुटला तर बंद होणारा व्हॉल्व्ह. बाजारात याला होज बर्स्ट व्हॉल्व्ह किंवा व्हेलॉसिटी फ्यूज म्हणतात. आत एक चकती किंवा पॉपेट आणि स्प्रिंग. प्रवाह ठरावीक मर्यादेच्या वर गेला की स्प्रिंगवर मात करून चकती बसते आणि वाट बंद. प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र, आणि थेट सिलेंडरच्या तळाच्या पोर्टमध्ये थ्रेडने बसवलेला. मध्ये होज नाही, निपल नाही, एल्बो नाही. व्हॉल्व्ह आणि सिलेंडर यांच्या मध्ये जे काही येईल, ते फुटलं तर या व्हॉल्व्हला कळणारच नाही. नेहमीच्या उतरण्यात प्रत्येक सिलेंडरमधून मिनिटाला साडेनऊ लिटर जातात. फ्यूज १३ ते १४ लिटरवर बंद होणारा घ्या. फार जवळचा घेतलात, तर डिसेंबरच्या सकाळी घट्ट तेलात विनाकारण अडकेल आणि कुणीतरी तो काढून टाकेल. चकतीला बारीक छिद्र असलेला प्रकार मिळाला तर उत्तम. अडकलेला भार हळूहळू खाली येतो.

आयएसओ ३६९१-१ या औद्योगिक ट्रकच्या मानकात, हायड्रॉलिक वाट निकामी झाली तरी पूर्ण भार सेकंदाला ०.६ मीटरपेक्षा वेगाने खाली येऊ नये, असं सांगितलं आहे. फ्यूज आणि फ्लो कंट्रोल मिळून हे काम करतात.

त्याच मानकात आणखी एक अट आहे : पूर्ण भार वर धरून ठेवला, तर पहिल्या १० मिनिटांत तो १०० मिमीपेक्षा जास्त खाली सरकू नये. फोर्कचे १०० म्हणजे रॅमचे ५० मिमी, म्हणजे दहा मिनिटांत १५९ घनसेंटिमीटर, मिनिटाला १६. स्पूल आणि बॉडी यांच्या मधली फट काही मायक्रॉनची असते, तिथून थोडं तेल गळतंच. नवा चांगला मोनोब्लॉक या मर्यादेत बसतो. झिजलेला किंवा ओरखडे पडलेला बसत नाही. भार तासन्तास वर राहणार असेल, तर लिफ्ट लाइनवर पॉपेट प्रकारचा सोलेनॉइड लोअरिंग व्हॉल्व्ह वाढवा. पॉपेट टेकून बसतो, जवळजवळ गळत नाही.

पाइप आणि होज

सक्शनमध्ये वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा, दाबाच्या लाइनमध्ये ५ च्या आत, रिटर्नमध्ये २ च्या आत. आपल्या पंपाला सक्शन १ इंच, लांबी जितकी कमी तितकी चांगली. पाऊण इंच काठावर बसतो. दाबाची लाइन ३/८ इंच चालते, पण लिफ्टची लाइन अर्धा इंच ठेवा, कारण उतरताना त्यातून पंपापेक्षा जास्त तेल जातं. दोन जाळ्यांचा आर-२ होज अर्ध्या इंचात २७५ बारचा मिळतो. एक जाळीचा आर-१ सुद्धा १६० बारचा असतो, पण एका रॅमवर भार आल्यावरचा १६३ बार आठवा. मास्टबरोबर वाकणाऱ्या होजला मी आर-२ शिवाय काही लावत नाही.

होज मास्टच्या चेनला किंवा चॅनेलच्या कडेला घासत नाही ना, हे फोर्क पूर्ण वर, मध्ये आणि खाली ठेवून तिन्ही वेळा पाहा. पिळलेला होज लगेच ओळखता येतो : त्यावरची लांब छापील रेघ सरळ न दिसता गोल फिरलेली असते.

जोडणी आणि स्वच्छता

हायड्रॉलिकचं आयुष्य इथे ठरतं. टाकीचं वेल्डिंग झाल्यावर आतली खपली आणि ठिणग्यांचे मणी खरवडून काढा, डिझेलने धुवा, लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे थेट स्ट्रेनरवर जाऊन बसतात. मास्टवर काही वेल्डिंग राहिलं असेल, तर ते सिलेंडर बसवण्याआधी उरका. क्रोम केलेल्या रॅमवर पडलेला एक मणी जेवढा दिसतो, तेवढाच भाग प्रत्येक फेरीत सीलला कापत राहतो.

बीएसपी (ब्रिटिश मापाचे पाइप थ्रेड) समांतर थ्रेडला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे डाउटी वॉशर (आत रबराची कडी असलेला धातूचा वॉशर) लागतो. टेपचा पांढरा तुकडा कापला जाऊन स्पूलच्या कडेला अडकतो, स्पूल मधोमध परत येत नाही, आणि लिव्हर सोडला तरी फोर्क हळूहळू चालत राहतो. व्हॉल्व्ह खोलल्यावर सापडतो तो तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा. प्रत्येक पोर्टची प्लास्टिकची बूच जोडायच्या क्षणापर्यंत काढू नका.

सक्शनला १२५ ते १५० मायक्रॉनचा स्ट्रेनर, रिटर्नला २५ मायक्रॉनचा फिल्टर, बायपाससहित. सक्शनला जास्त बारीक गाळणी लावायचा मोह होतो. तिने पंप उपाशी राहतो.

तेल भरणे आणि पहिला स्टार्ट

आपल्याकडच्या उन्हाळ्यात ६८ नंबरचं अँटिवेअर हायड्रॉलिक तेल चालतं, शीतगृहाच्या आसपास काम असेल तर ४६ किंवा ३२. सर्वो, एन्क्लो, कुठलंही चांगलं घ्या, पण दोन कंपन्यांची मिसळ करू नका. नव्या बॅरलमधलं तेलही गाळूनच टाकीत ओता.

पंपाच्या सक्शन पोर्टमध्ये हाताने तेल भरा आणि मगच लाइन जोडा. रिलीफचा स्क्रू जवळपास पूर्ण सैल करा. मोटर एकेक सेकंद चालवून दिशा पाहा. मग लिव्हर न ओढता काही मिनिटं तेल टाकीत फिरू द्या. या वेळी मायक्रोस्विचला तात्पुरती बायपास तार लागेल, नंतर ती आठवणीने काढा. पंपात खडे फिरल्यासारखा आवाज आला, तर सक्शनमध्ये अडथळा आहे. तेल दुधाळ झालं, तर सक्शनच्या जोडातून हवा शिरते आहे.

रिकामा फोर्क फूटभर वर घ्या आणि दोन्ही सिलेंडरच्या वरच्या टोकाचे ब्लीड स्क्रू अर्धा फेरा सैल करा. आधी फेस येतो, मग थुंकी उडाल्यासारखं तेल, मग अखंड धार. धार आली की घट्ट करा. हवा राहिली तर फोर्क धक्के देत चढतो. हे काम करताना आतल्या मास्टखाली लोखंडी टेकू दिल्याशिवाय हात घालू नका. आणि बारीक गळती बोटाने शोधू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाचं तेल कातडीखाली घुसतं, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण आतून हात सडतो. पुठ्ठा धरून शोधा. असं झालंच, तर दुखायची वाट न बघता त्याच वेळी हॉस्पिटलमध्ये जा आणि दाबाचं तेल आत गेलं आहे असं स्पष्ट सांगा.

दाब लावणे आणि लोड टेस्ट

पंपाच्या आउटलेटवर २५० बारचा ग्लिसरीन गेज लावा. फोर्क पूर्ण वर टोकापर्यंत न्या, लिव्हर धरून ठेवा, आणि रिलीफचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळा. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तेल तापतं. ९५ बारला लॉकनट कसा आणि शिसं मारून सील करा. या सेटिंगला १,००० किलो सहज उठतो आणि सव्वा टनाच्या आसपास फोर्क अडतो. तसा तो अडायलाच हवा. फोर्कलिफ्टला रिलीफ हाच ओव्हरलोडचा पहारेकरी आहे. "थोडं आणखी उचलेल का" म्हणून स्क्रू आवळणाऱ्याला मागचं चाक जमिनीवरून उठताना दिसेल.

फ्यूजची चाचणी होज कापून करायची नसते. लिफ्ट लाइनवर टी बसवून अर्धा इंची फुल बोअर बॉल व्हॉल्व्हने एक जाड होज टाकीत सोडा. पूर्ण भार जमिनीपासून फक्त ३०० मिमीवर घ्या, फोर्कखाली लाकडी ठोकळे रचा, सगळ्यांना बाजूला करा, आणि बॉल व्हॉल्व्ह झटक्यात उघडा. फोर्क जरासा घसरून टक्‌कन थांबला पाहिजे. सरळ ठोकळ्यांवर आला, तर फ्यूजचं सेटिंग जास्त आहे किंवा तो उलटा बसला आहे. बाण सिलेंडरकडून बाहेरच्या दिशेला हवा की आत, हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं, कागद वाचूनच बसवा. मग पूर्ण भार वर ठेवून, मास्टवर खडूची रेघ ओढून, दहा मिनिटांची घसरण मोजा. टिल्टचीही तशीच : मास्ट उभा ठेवून, पंप बंद करून, लिव्हर पुढे ढकलून पाहा.

कारखान्यात मशीन देण्याआधी सक्षम व्यक्तीकडून लोड टेस्ट आणि प्रमाणपत्र करून घ्या, आणि क्षमतेची प्लेट लोड सेंटरसह मास्टवर रिबेटने ठोका. चेनचा सुरक्षा गुणक ५ च्या खाली नको, हे त्या वेळी तपासलं जाईल.

पहिल्या ५० तासांनंतर

रिटर्न फिल्टर बदला. जुना टाकू नका, तो कापून त्याची घडी उन्हात उलगडून बघा. चांदीसारखी चमक दिसली, तर पंपाची बॉडी किंवा बुश झिजते आहे, बहुधा कपलिंगची लाइन हललेली असते. पितळी रंग बुशचाच. काळे रबरी कण असतील तर होजच्या कापणीचे, म्हणजे होज कापल्यावर आतून हवा मारली गेली नाही. पिवळट किंवा निळसर पापुद्रे सीलच्या पॉलियुरेथेनचे : रॅमवर नख फिरवा, ओरखडा लगेच लागेल. नुसती बारीक काळी धूळ असेल, तर नवा फिल्टर लावा, पातळी फोर्क खाली ठेवून बघा आणि मशीन कामाला लावा.